हातचा एक

अंकगणितातील 'हातचा' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्यातील हात आपल्या ध्यानातही येत नाही. आठ आणि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक, असे घोकत घोकत पिढ्यान्‌पिढ्यांनी बेरजा केल्या. हा एक कशाचा, तो कोणाच्या हातात असतो, आणि पलीकडच्या घरात जाताच त्याला दहाचे मोल कसे येते, असे विचारणारे मूल पूर्वी उद्धट ठरत असे. वस्तुतः त्या एकात दहा सुट्या वस्तूंची एक जुडी दडलेली असते. ती जुडी ज्याने एकदा आपल्या हाताने बांधली, त्याला हातच्याचे रहस्य निराळे समजावून द्यावे लागत नाही. ज्याने बांधली नाही, त्याला तो शब्द जन्मभर मंत्रासारखा म्हणावा लागतो.

बालकांच्या गणितातून हात केव्हा बाजूस सारला गेला आणि तो परत आणण्याचे यत्न कोणी, कसे केले, हा विषय शिक्षणशास्त्रज्ञांचा असला तरी त्याला एक इतिहास आहे, आणि कायद्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी त्यास एक बाजूही आहे. तो इतिहास आम्ही येथे एका गावाच्या आधाराने पाहू इच्छितो. ते गाव म्हणजे सुरत जिल्ह्यातील तापीकाठचे कामरेज.

मुंबईहून अहमदाबादेस मोटारीने जाणाऱ्या मराठी प्रवाशास कामरेज ठाऊक असते ते हमरस्त्यावरील एक नाके म्हणून. परंतु या गावाचे वय फार मोठे आहे. चालुक्य घराण्यातील युवराज श्र्याश्रय शीलादित्य याचा जो ताम्रपट सुरतेस मिळाला, त्यात 'कार्मणेय' नावाच्या आहाराचा, म्हणजे प्रांतविभागाचा, उल्लेख येतो. ते कार्मणेय म्हणजेच आजचे कामरेज, असे संशोधक मानतात. हा ताम्रपट कलचुरी संवत ४४३ चा, म्हणजे इसवी सन ६९२ च्या सुमाराचा आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दानापेक्षा हा आकडाच अधिक मनोरंजक होय. त्या काळच्या ताम्रपटांत वर्षे लिहिण्याची जी जुनी रीत आढळते, तीत चारशेला एक चिन्ह, चाळीसला दुसरे आणि तिनाला तिसरे असे. चार, चार आणि तीन हे अंक नुसते शेजारी मांडले आणि प्रत्येकास त्याच्या स्थानावरून किंमत आली, ही दशमान स्थानमूल्याची पद्धती त्याच शतकांत हळूहळू रूढ होत होती. म्हणजे पहिल्या इयत्तेतील मुलाने एका दुपारी समजून घ्यावे अशी आपली अपेक्षा असते, ते समजण्यास आणि सर्वमान्य होण्यास समाजास कित्येक शतके लागली. एवढे जरी शिक्षकाने लक्षात ठेवले तरी त्याचा बराचसा राग ओसरेल.

प्राचीन काळी या देशात गणित शिकविले जाई ते धुळीवर. गणितास 'पाटीगणित' आणि आकडेमोडीस 'धूलिकर्म' ही नावे संस्कृत ग्रंथांतून आढळतात. ज्या तापीच्या काठी कामरेज आहे, तीच नदी वर खानदेशातून वाहत येते. आणि त्याच खानदेशात चाळीसगावानजीक पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या वंशजाने तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. धुळीत बोट फिरविणाऱ्या मुलाचा हात निदान हालत तरी होता. गुजराथेत गावठी शाळेस 'धूळी निशाळ' म्हणत, आपल्याकडे धूळपाटी आणि धुळाक्षरे होती, आणि गोव्यात शणैमामांच्या शाळेतही बाळबोध शिक्षणाची परंपरा याच वळणाची होती.

मात्र या शाळांचे खरे वैभव पाठांतरात होते. मराठी मुलगा पाढे म्हणे, गुजराथी मुलगा आंक म्हणे. पूर्णांकांचे पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. गुजराथीत याच साडेतीनच्या पाढ्यास 'ऊठां' म्हणतात. आज आपणांस या पाढ्यांचे हसू येते, पण त्यांची गरज पक्की होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, अशा मापांच्या बाजारात साडेतीन आणे शेराची वस्तू बारा शेर घेणाऱ्यास बारा औट बेचाळीस हे ओठांवरच असावे लागे, म्हणजे दोन रुपये दहा आणे हा जबाब कागदावाचून निघे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनेमापे आली, आणि औटकीचा आधारच नाहीसा झाला. बाजार बदलला म्हणून पाढा मेला. शाळेने तो विचारपूर्वक सोडला असे नव्हे.

गुजराथी भाषेत या पाढ्याने एक मार्मिक वाक्प्रचार मागे ठेवला आहे. 'ऊठां भणाववां', म्हणजे एखाद्यास साडेतीनचा पाढा पढविणे, याचा अर्थ त्याला फसविणे. लोकभाषा उगीच असे शब्द घडवीत नाही. समोरच्याने आकडे धडाधड म्हणावे, आपण मान डोलवावी आणि व्यवहार पुरा झाल्यावर आपण नागविले गेलो असे ध्यानात यावे, हा अनुभव त्या शब्दांत साठवलेला आहे. ज्याचे गणित केवळ कानाने आलेले आहे, त्याला दुसऱ्याचे आकडे पडताळून पाहता येत नाहीत.

आम्हा वकिली करणारांस यावरून पुराव्याच्या कायद्यातील एक जुने तत्त्व आठवते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असा दंडक घातला. पाहिलेली गोष्ट ज्याने पाहिली त्यानेच सांगितली पाहिजे. दुसऱ्याकडून ऐकले म्हणून सांगणाऱ्याची साक्ष सामान्यतः ग्राह्य नाही. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी हे तत्त्व कायमच आहे. आता 'साती आठी छप्पन्न' म्हणणाऱ्या सात वर्षांच्या मुलाची उलटतपासणी घ्या. हे तुला कसे ठाऊक? गुरुजींनी सांगितले. तू स्वतः पाहिलेस काय? नाही. न्यायाधीश ही साक्ष मोडीत काढील. परंतु ज्या मुलाने आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी जमिनीवर मांडून दहा-दहाचे गठ्ठे केले आणि पाच गठ्ठे व सहा सुटे उरलेले पाहिले, ते मूल प्रत्यक्ष साक्षीदार आहे. पाठांतर टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीची नोंद म्हणून पाढा अत्यंत मोलाचा आहे. आधी पाहणे व्हावे आणि मग नोंद व्हावी, इतकाच क्रमाचा प्रश्न आहे.

आता कायद्याकडे वळू. कामरेज हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील महाल होता. म्हणजे सुरत शहरात इंग्रजी अंमल आणि जवळच कामरेजात गायकवाडी, अशी स्थिती १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सबंध संस्थानास लागू केला. त्यामुळे कामरेजच्या शेतकऱ्याचे मूल शाळेत न गेले तर बापास दंड होण्याची तरतूद झाली, आणि ती शेजारच्या खालसा मुलखात अशी सक्ती कोणी स्वप्नातही आणली नव्हती तेव्हा. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होतेच. विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. हेच गोखले पूर्वायुष्यात गणिताचे शिक्षक होते आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून वर्षानुवर्षे चालले. सक्तीचा कायदा मागणारा आणि अंकगणित लिहिणारा एकच पुरुष असावा, हा योग विलक्षण खरा.

तथापि कायद्याची पोच किती, हेही याच ठिकाणी दिसून येते. कायदा मुलास शाळेच्या दारात आणू शकतो, हजेरीपटावर त्याचे नाव चढवू शकतो. आत गेल्यावर त्याच्या हातात काय पडते, हे दंडाने ठरत नाही. सक्तीच्या शाळेतही पाटी, पाढे आणि छडी हीच सामग्री राहिली. दाराच्या आत पाहावयास निराळी दृष्टी हवी होती, आणि ती ज्यांच्याकडून आली त्यांत गुजराथेत अग्रेसर ठरले ते एक वकीलच.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई, यांचा जन्म १८८५ चा. तरुणपणी आफ्रिकेत जाऊन आले, मुंबईस कायदा शिकले आणि काठेवाडात वढवाण येथे वकिली करू लागले. १९१३ साली मुलगा झाला, आणि त्याला कसे वाढवावे या विवंचनेतून ते माँटेसोरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. १९२३ साली राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. एक काठेवाडी वकील आणि एक मुंबईच्या प्रार्थनासमाजी घरातील मराठी पदवीधर स्त्री यांच्या सहकार्यातून पश्चिम हिंदुस्थानातील बालशिक्षणाची चळवळ उभी राहिली, ही गोष्ट गुजराथी आणि मराठी दोघांनीही विसरता कामा नये.

माँटेसोरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील गरिबांच्या वस्तीत उघडले. त्यापूर्वी जर्मनीत फ्रोबेलने लोकरीचे चेंडू, लाकडी घन व त्याचे आठ तुकडे, अशी खेळणी मुलांना गणिताच्या वाटेवर नेण्यासाठी योजिली होती. माँटेसोरीबाईंच्या साधनांचा विशेष असा की, चूक झाल्यास ती दाखविण्याचे काम वस्तूच करते. त्यांची चात्यांची पेटी घ्या. पेटीला शून्यापासून नवापर्यंत आकडे घातलेले दहा खण, आणि चात्या एकंदर पंचेचाळीस. मुलाने एकच्या खणात एक, दोनच्या खणात दोन, अशा क्रमाने त्या ठेवावयाच्या. सर्व बरोबर झाले तर नवाचा खण भरताच एकही चाती उरत नाही. उरली किंवा कमी पडली, तर वाटेत कोठे तरी चुकले. मूल आपणच मागे जाऊन शोधते. शून्याचा खण रिकामाच राहतो, आणि शून्य म्हणजे काय हे सांगण्यास एकही शब्द खर्चावा लागत नाही. शिक्षकाचा रागलोभ, वरचा नंबर, खालचा नंबर, यांचा येथे संबंधच उरत नाही.

दशमानासाठी त्यांनी सोनेरी मणी योजिले. एक सुटा मणी, तारेत ओवलेल्या दहा मण्यांची कांडी, अशा दहा कांड्यांचा शंभराचा चौरस, आणि दहा चौरसांचा हजाराचा घन. दहा सुटे मणी जमले की ते परत करून एक कांडी घ्यावयाची. हातचा म्हणतात तो हाच, आणि येथे तो खरोखरच हातात येतो. मण्यांबरोबर आकड्यांच्या पट्ट्या असतात. ४०० ची लांब पट्टी, तिच्यावर ४० ची, तिच्यावर ३ ची, अशा एकमेकींवर बसविल्या की शून्ये झाकली जाऊन ४४३ दिसू लागते. कामरेजचा उल्लेख करणाऱ्या ताम्रपटाचे वर्ष हेच! चारशे, चाळीस आणि तीन यांस निराळी चिन्हे लिहिणाऱ्या काळापासून स्थानमूल्यापर्यंतचा मार्ग त्या तीन पट्ट्या मुलास काही क्षणांत चालवून नेतात.

गिजुभाई २३ जून १९३९ रोजी निवर्तले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात माँटेसोरीबाई मद्रासेस उतरल्या. युद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम या देशातच पडला. ज्याने त्यांचा विचार गुजराथेच्या घराघरांत नेला, तो त्यांच्या स्वागतास उरला नव्हता.

परंतु त्या साधनांत एक अडचण होती, आणि ती पैशाची. घासून गुळगुळीत केलेले लाकूड, मोजून कापलेल्या पट्ट्या, काचेचे मणी, हा सरंजाम शहरातील सुखवस्तू बालमंदिरास परवडे. खेड्यातील शाळेने तो कोठून आणावा? या प्रश्नास दोन उत्तरे मिळाली, आणि दोन्ही कामरेजच्या आसपासच्या मुलखाशी निगडित आहेत.

पहिले उत्तर गांधीजींचे. १९३७ साली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने योजना आखली, आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये बारडोली तालुक्यातील हरिपुरा येथे, सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने मूलोद्योगी शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले. हरिपुरा हे तापीच्याच काठचे, कामरेजच्या वरच्या अंगाचे गाव. या शिक्षणात गणिताचे साधन टकळी हेच होते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. मुलाने सूत काढावे, तार मोजावे, आज किती निघाले, काल किती, तुटले किती, याचा हिशेब मांडावा. गुणाकार, भागाकार, सरासरी, लांबी, वजन, सारे त्या एका सुतात. रोमच्या बालगृहात मूल चाती मोजत होते, येथे ते तिच्यावरील सूत मोजू लागले.

कल्पना मोठी खरीच. तथापि तिच्यात एक धोका होता आणि पुष्कळ शाळांत तो खरा ठरला. सुताचा हिशेब शाळेच्या खर्चासाठी होऊ लागला की मुलाचा हात कामकऱ्याचा होतो. मोजणे समजण्यासाठी न राहता भरतीसाठी राहते. शिवाय टकळी सात वर्षांच्या मुलास ठीक. चार वर्षांच्या मुलास काय?

दुसरे उत्तर ताराबाईंचे. त्यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. बोर्डी हे गुजराथच्या सीमेलगतचे समुद्रकाठचे गाव. सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेवरील घोलवड हे त्याचे स्टेशन. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. या दोघींनी माँटेसोरीबाईंचे तत्त्व घेतले आणि सरंजाम टाकून दिला. शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, मातीचे मणी, जे पायाखाली सापडेल ते साधन. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्याच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. मुले गुरे राखावयास जातात तर त्यांच्यामागे कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हेच नाव देशभर झाले. आज कामरेज तालुक्यातील गुजराथी माताही हाच मराठी शब्द उच्चारते, तो या मार्गाने आलेला आहे.

आमच्या कोंकणी वाचकांस हे निराळे सांगावयास नको. उन्हाळ्यात काजूच्या बियांचा डाव मांडणारी गोव्याची मुले जिंकल्या-हरल्याचा जो हिशेब ठेवतात, तो वजाबाकीचा उत्तम पाठ असतो. भाताच्या खळ्यावर वीस कुडवांची खंडी भरताना पाहणारे मूल विसाचा गट डोळ्यांनी शिकते. घाटावरही खंडी विसाचीच, मात्र मणांची. सागरगोटे खेळणारी आपली मुलगी आणि पांचीका खेळणारी सुरतेची मुलगी, दोघीही पाचाचे विभाग रोज करीत असतात: एक आणि चार, दोन आणि तीन. साधने लोकजीवनात होतीच. शाळेने त्यांस दारातून आत घेतले नव्हते, इतकेच.

मराठी आणि गुजराथी मुलांस हाताच्या साधनांची गरज इतरांपेक्षा कांकणभर अधिकच आहे, आणि त्याचे कारण आपल्या भाषेत आहे. आपण त्रेपन्न म्हणतो. गुजराथी मूल त्रेपन म्हणते. शब्दात तीन आधी येतात आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी आणि तीन मागून. एकोणसाठात साठ ऐकू येतात, पण लिहावयाचे असतात पाच आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशा वाचनाची सोय दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्षा कै. डॉ. मंगला नारळीकर यांनी लहान मुलांची अडचण परोपरीने मांडली. टीकाकारांस भाषेची हानी दिसली. आम्हांस वाटते, दोन्ही पक्ष शब्दांवरच भांडत राहिले. काड्यांच्या पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलासमोर असतील, तर त्याने त्रेपन्न म्हटले काय किंवा पन्नास तीन म्हटले काय, संख्या डगमगत नाही. जुड्याच नसतील तर कोणताही शब्द त्याला तारणार नाही.

मग आज अडते कोठे? साधनांचा अभाव हे उत्तर आता पुरेसे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक वर्गास आवश्यकतेप्रमाणे अध्यापनसाहित्य आणि खेळसाहित्य देण्याचे म्हटले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची व साधनांची पेटी काढली. पेट्या येतात. परंतु पेटी शाळेत आली की तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. हे नावच पुरेसे बोलके आहे! नोंद झालेली वस्तू हरवली किंवा मोडली तर जबाब मुख्याध्यापकाने द्यावयाचा. साहजिकच सावध मुख्याध्यापक पेटी कपाटात ठेवतो, कपाटास कुलूप लावतो, आणि तपासणीच्या दिवशी ती टेबलावर मांडतो. त्यास आम्ही दोष देत नाही. ज्या नियमात झीज हा अपराध ठरतो, त्या नियमाखाली कोणताही समंजस मनुष्य हेच करील. मुलाच्या हातात पडलेले मणी हरवणारच, काड्या मोडणारच, पट्ट्यांचे कोपरे दुमडणारच. वर्षाअखेर ज्या शाळेची पेटी जशीच्या तशी आहे, त्या शाळेस खरे तर खुलासा विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस आहे. सहा वर्षांखालील बालकांविषयी घटनेचा ४५ वा अनुच्छेद म्हणतो की, राज्य 'प्रयत्न करील'. आणि २००९ च्या कायद्याचे ११ वे कलम पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासनास 'करता येईल' असे म्हणून थांबते. 'करील' आणि 'करता येईल' यांतील अंतर सामान्य वाचकास क्षुल्लक वाटेल; न्यायालयात ते हक्क आणि कृपा यांतील अंतर असते. संख्येची पहिली ओळख ज्या तीन वर्षांत हाताने व्हावयाची, नेमकी तीच तीन वर्षे कायद्याने कृपेवर सोडली आहेत. सयाजीरावांनी १९०६ साली कामरेजच्या मुलासाठी जे शाळेच्या दाराबाबत केले, ते त्याच्या धाकट्या भावंडासाठी अंगणवाडीच्या बाबतीत अजून व्हावयाचे आहे.

म्हणून आमची सूचना दोन वाक्यांत सांगता येईल. अकराव्या कलमातील 'करता येईल' याचे 'करील' व्हावे. आणि बालवर्गाचे साहित्य डेडस्टॉकातून काढून खडूप्रमाणे खर्चाच्या सदरात घालावे. पहिलीस संसद हवी. दुसरीस एक परिपत्रक पुरे.

आजचे कामरेज सुरत शहराच्या विस्ताराला येऊन भिडले आहे. हिऱ्यांच्या कारखान्यांत आणि यंत्रमागांवर राबणारी माणसे काठेवाडातून, खानदेशातून, ओरिसातून, आंध्रातून या मुलखात आली आहेत. हिऱ्याचा कारागीर एका कॅरटचे, म्हणजे २०० मिलीग्रॅमचे, शंभर भाग करून सेंटात वजन बोलतो. त्याची बोटे आणि त्याचा आकडा यांत फारकत नसते. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराथी, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. त्रेपन्नास तेथे जवळपास तितकेच उच्चार असतील. तेलुगू मूल पन्नास आधी म्हणते आणि तीन मागून, धुळे-जळगावकडून आलेले मराठी मूल तीन आधी म्हणते. त्या सर्वांच्या हातात दोऱ्याने बांधलेल्या काड्यांच्या पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या देता येतात, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. झाडाच्या काड्या तापीच्या काठी अजून पुष्कळ आहेत, आणि दोरा तर सुरतेत वाटेल तितका मिळतो.